ऍसिडने धुतल्यावर इल्मेनाइट पण तरंगेना आणि ऑगाइट पण, नेमकं कुठे बघू?

गिरणाकाठ_एमटेक:
नमस्कार मंडळी. मी जळगावात केमिकलला एमटेक करून राहिलो, प्रोजेक्टचा विषय आहे ऍसिडने खनिजाचा पृष्ठभाग बदलला तर फ्लोटेशनमध्ये (पाण्यात बुडबुडे सोडून एक खनिज तरंगवायचं, दुसरं खाली ठेवायचं) वेगळं करणं सोपं होतं का. दोन खनिजं घेतली, इल्मेनाइट (लोखंड-टायटॅनियमचं खनिज, कोकणातल्या समुद्राच्या वाळूतलं, गाईडच्या ओळखीतून मिळालं) आणि ऑगाइट (बेसाल्टमधलं सिलिकेट). ऑगाइट विकत मिळेना म्हणून इथल्याच गिट्टी क्रशरवरची बेसाल्टची भुकटी आणली, चाळली, लोहचुंबक फिरवून काळं काढलं आणि उरलेलं वापरलं. साइज १५० ते ७५ मायक्रॉन. कलेक्टर (खनिजाला चिकटून त्याला बुडबुड्यावर धरणारं रसायन) सोडियम ओलिएट, टेस्ट हॅलिमंड ट्यूबमध्ये (एक-दोन ग्रॅमवर फ्लोटेशन करायची काचेची नळी).

ऍसिड न लावता दोन्ही खनिजं तरंगतात, इल्मेनाइट जरा जास्त आणि ऑगाइट जरा कमी, पण फरक एवढा नाही की त्याला वेगळं करणं म्हणता येईल. वाचलं होतं की पातळ सल्फ्युरिक ऍसिडमध्ये आधी ढवळून घेतलं की इल्मेनाइट वाढतं आणि ऑगाइट पडतं. म्हणून ५ टक्के सल्फ्युरिकमध्ये अर्धा तास ढवळलं, मग नळाच्या पाण्याने दोन-तीनदा धुतलं, ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला रात्रभर वाळवलं आणि दुसऱ्या दिवशी टेस्ट केली तर दोन्ही पडले, आणि इल्मेनाइट तर ऑगाइटपेक्षाही जास्त पडलं. ट्यूबमधलं पाणी ओलिएट टाकल्या टाकल्या दुधासारखं होतं आणि बारीक पांढरे कण फिरताना दिसतात. ऑगाइटवाल्या सॅम्पलमध्ये ऍसिड टाकलं तेव्हा चांगला फेस आला होता, फसफसलं, आणि नंतर गाळताना फिल्टर पेपर चोंदून गेला, चिकट काहीतरी बसलं होतं त्याच्यावर.

गाईड म्हणतात ऍसिड कमी कर. सिनियर म्हणतो जास्त कर. मला कळून नाही राहिलं की ऍसिड मुळात करतं काय, ते कळलं तर कमी-जास्त ठरवता येईल. कोणी समजावून सांगेल का?


अमळनेरकर_भाऊ:
बाकी बठ्ठं नंतर पाहू. पानी कोनतं वापरस तू, बोअरनं का डिस्टिल्ड? लॅबना नळले बोअर जोडेल व्हई तर तठेच घोळ शे. आन धुतल्यावर पल्पना (खनिज मिसळेल पानीना) पीएच मोजा का?


गिरणाकाठ_एमटेक:
दादा लॅबच्या नळाला बोअरचंच पाणी आहे. ओलिएटचं सोल्युशन डिस्टिल्डमध्ये केलेलं, पण धुणं आणि ट्यूबमध्ये भरणं नळाच्या पाण्यानेच. पीएच ऍसिड लावायच्या आधीचा घेतलाय, ७ च्या वर होता. धुतल्यानंतरचा नाही घेतलेला.


रसायन_धुळे:
मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, फ्लोटेशन माझा विषय नाही पण ओलिएटबद्दल सांगू शकते, आणि तुझं निम्मं उत्तर तिथेच आहे असं वाटतं.

सोडियम ओलिएट म्हणजे साबणच. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही, बादलीला पांढरा थर बसतो, तो थर म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा साबण, पाण्यात न विरघळणारा. तुझ्या ट्यूबमध्ये तेच होत असणार. पाण्यातलं कॅल्शियम खनिजापर्यंत पोचायच्या आधीच ओलिएटला पकडतं, मग खनिजाच्या वाट्याला काय येणार? पण थांब, नुसतं पाण्यावर ढकलू नकोस, कारण ऍसिड न लावलेल्या टेस्टलाही तू हेच पाणी वापरलं असशील आणि तेव्हा तरंगत होतं. म्हणजे ऍसिडनंतर अजून काहीतरी जास्तीचं झालंय.

दुसरा संशय पीएचचा. ओलिएट ही ओलिइक ऍसिडची सोडियम सॉल्ट, ओलिइक ऍसिडचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं ऍसिड आयन झालेलं असतं तो आकडा) साधारण ५ धरतात. पीएच त्याच्या बराच खाली गेला की ओलिएट आयन उरत नाही, नुसतं तेल होतं आणि त्याचे बारीक थेंब पाण्यात तरंगतात, पाणी दुधासारखं दिसतं. वाळूच्या भेगांमध्ये अडकलेलं ऍसिड दोन-तीन धुण्यांत जात नाही, त्यात तू ओव्हनमध्ये वाळवलंस म्हणजे पाणी गेलं आणि सल्फ्युरिक तिथेच राहिलं, कारण ते १०५ ला उडत नाही. दुसऱ्या दिवशी पाण्यात टाकलं की ते परत बाहेर.

दोन्हीत पाणी दुधाळच दिसतं, म्हणून डोळ्याने ठरणार नाही. साधी परीक्षा कर, खनिज न घालता. एका टेस्ट ट्यूबमध्ये बोअरचं पाणी घे, पीएच ७ च्या आसपास ठेव आणि तुझ्याच प्रमाणात ओलिएट टाक. दुसऱ्यात डिस्टिल्ड घे, सल्फ्युरिकने पीएच ३ कर आणि तेवढंच ओलिएट. तिसऱ्यात डिस्टिल्ड नुसतं. पहिलं गढूळ झालं तर पाण्याचा कडकपणा दोषी, दुसरं झालं तर ऍसिड, आणि दोन्ही झालं तर दोन्ही. दहा मिनिटांचं काम आहे, आजच करून टाक.


सातपुडा_डोंगरी:
ताईंनी बरोबर पकडलंय. मी मिनरल प्रोसेसिंगमध्ये बरीच वर्षं काढली, आधी मध्य प्रदेशात तांब्याच्या कॉन्सन्ट्रेटरवर आणि मग एका इंडस्ट्रियल मिनरलच्या युनिटमध्ये, आता फैजपूरला घरी असतो. तू विचारलंस की ऍसिड मुळात करतं काय, त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो कारण हा प्रश्न बरोबर आहे आणि कमी करू का जास्त करू हा प्रश्न त्याच्यानंतरचा आहे.

बहुतेक लोक धरून चालतात की ऍसिड म्हणजे सफाई. खनिजावर गंज, माती, लोखंडाचा थर बसलेला असतो, ऍसिडने तो निघतो, ताजा पृष्ठभाग उघडा पडतो आणि कलेक्टर नीट चिकटतो. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. सफाई तर दोन्ही खनिजांची होते. दोन्ही सारखीच साफ झाली तर दोन्ही सारखीच तरंगतील, तुझं वेगळं करणं होतं तिथेच राहिलं. फ्लोटेशनमध्ये तू एका खनिजाला तरंगवत नाहीयेस, दोघांमधला फरक वाढवतोयस. म्हणून ऍसिडबद्दल विचारायचं ते एवढंच की यातल्या कुठल्या खनिजाचा पृष्ठभाग जास्त बदलला आणि कुठल्या दिशेने बदलला.

आता तुझी जोडी बघ. ओलिएट कुठे चिकटतं? पृष्ठभागावर उघड्या असलेल्या धातूच्या आयनांवर. इल्मेनाइटवर लोखंड आणि टायटॅनियम आहे. ऑगाइट हे कॅल्शियम-मॅग्नेशियम-लोखंडाचं सिलिकेट, म्हणून त्याच्यावर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उघडं आहे आणि ओलिएटला ते दोन्ही फार आवडतात (ताईंनी साबणाचं सांगितलं तेच, फक्त पाण्याऐवजी दगडावर). म्हणून ऍसिड न लावता दोन्ही तरंगतात, तुला दिसलं ते अगदी अपेक्षित आहे. पातळ ऍसिड लावलं की ऑगाइटच्या वरच्या थरातून कॅल्शियम-मॅग्नेशियम निघून जातं आणि मागे सिलिका जास्त असलेला थर राहतो, त्याला ओलिएट फारसं चिकटत नाही. इल्मेनाइटला पातळ थंड ऍसिड फार खात नाही, पिगमेंटवाल्यांना इल्मेनाइट विरघळवायला तीव्र सल्फ्युरिक आणि भरपूर उष्णता लागते. त्याच्या पृष्ठभागावर एवढंच होतं की सैल थर जातो आणि उघड्या फेरस (दोन धनभारांच्या) लोखंडातलं काही फेरिक (तीन धनभारांचं) होतं. फेरिक ओलिएट पाण्यात जवळपास विरघळतच नाही म्हणून ते घट्ट बसतं. एकाच ऍसिडने एक खाली आणि एक वर, यालाच फरक म्हणायचं. चीनमध्ये सिचुआनच्या पांझिहुआला टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचा मोठा साठा आहे, तिथे इल्मेनाइटसोबतचा कचरा म्हणजे टायटनऑगाइट (टायटॅनियम असलेलं ऑगाइट), आणि ऍसिड ट्रीटमेंटचं बरंच काम त्याच जोडीवर झालेलं आहे. तुझा विषय तिथूनच आलाय.

मग तुझं उलटं का झालं? पृष्ठभागावरून जे निघालं ते गेलं कुठे, हे बघ. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोखंड हे सगळं आता पाण्यात आहे. ते पाणी पूर्ण काढून टाकलं नाहीस तर तीन गोष्टी होतात. कॅल्शियम-मॅग्नेशियम ओलिएट खातं. नळाचं पाणी टाकून पीएच वाढला की फेरिक लोखंड हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं (पीएच ३ च्या वर गेलं की सुरुवात होते) आणि ते कोणावर बसायचं हे बघत नाही, इल्मेनाइटवरही बसतं आणि ऑगाइटवरही, मग दोघांचा पृष्ठभाग एकसारखा होऊन जातो. आणि कॅल्शियम सल्फेटसोबत जिप्सम होतं, जिप्सम एका लिटरमध्ये जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, बाकीचं बारीक सुया होऊन कणांवर बसतं. म्हणून पहिलं धुणं साध्या पाण्याने कधीच करू नये. ऍसिड आधी पूर्ण निथळून घे, मग पहिल्या एक-दोन धुण्याला अगदी हलकं आंबट केलेलं डिस्टिल्ड पाणी वापर म्हणजे लोखंड विरघळलेल्या अवस्थेतच बाहेर जाईल, आणि त्याच्यानंतर नुसतं डिस्टिल्ड, धुण्याचं पाणी आणि ताजं डिस्टिल्ड यांचा पीएच आणि कंडक्टिव्हिटी जवळ येईपर्यंत. किती वेळा धुवायचं ते मीटर सांगेल.

ओव्हन बंद कर. लोखंड असलेला ताजा पृष्ठभाग ओला-गरम-हवेत रात्रभर ठेवला की तू ऍसिडने जे केलं त्याच्यावर अजून एक प्रक्रिया झाली, ती तुला मोजायची नव्हती. धुतलं की ओलंच ट्यूबमध्ये घे. कोरडं वजन हवं असेल तर शेजारी तेवढंच दुसरं सॅम्पल वाळवून ओल काढ.

आणि पीएच. ट्रीटमेंटचं ऍसिड आणि फ्लोटेशनचा पीएच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बऱ्याच रिपोर्टमध्ये त्यांची गल्लत दिसते. ट्रीटमेंट खूप आंबट पाण्यात, टेस्ट पीएच ५.५ ते ७ च्या पट्ट्यात. आणि ऍसिड न लावलेलं सॅम्पल त्याच पीएचला, त्याच पाण्यात. नाहीतर तुलना कशाची करणार?


पाचोरा_जिओ:
ऍसिडचं सरांनी सगळं सांगितलं, मी दगडाचं सांगते, कारण माझ्या मते तुझा ऑगाइट हा ऑगाइटच नाहीये.

क्रशरची भुकटी म्हणजे अख्खा बेसाल्ट. आपल्या खान्देशातल्या बेसाल्टमध्ये ऑगाइट असतं हे खरं, पण त्याच्याहून जास्त नाही तर तेवढं तरी प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार असतं, काच असते, हिरवट चिकणमाती असते आणि पोकळ्यांमध्ये झिओलाइट आणि कॅल्साइट. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींमधलं स्टिल्बाइट, हेउलँडाइट, अपोफिलाइट जगभरचे संग्राहक घेऊन जातात, सावदा-फैजपूर बाजूच्या खाणीतले नमुने मी स्वतः पाहिलेत. पोकळ्यावाला दगड क्रशरमध्ये गेला की हे सगळं भुकटीत येणारच.

तुझं फसफसलं ते कॅल्साइट, त्याने तुझं ऍसिड खाल्लं आणि बदल्यात कॅल्शियम दिलं. फिल्टर चोंदला तो झिओलाइटमुळे. नॅट्रोलाइट, स्कोलेसाइट, अॅनालसाइम हे झिओलाइट ऍसिडमध्ये घातले की त्यांची चौकट तुटून सिलिकाचं जेल होतं, जुन्या पुस्तकांमध्ये झिओलाइट ओळखायची ती खूणच दिलेली असते. स्टिल्बाइट-हेउलँडाइटचं जेल होत नाही पण सिलिकाचा गाळ राहतो. तो चिकट गाळ सगळ्या कणांवर लेपासारखा बसला असणार, आणि सिलिकाला ओलिएट लागत नाही. म्हणजे ऑगाइट पडलं ते ऍसिडने कॅल्शियम काढल्यामुळे का गाळामुळे, हे तुझ्या या सॅम्पलवरून सांगताच येणार नाही. ऑगाइट पडलं म्हणून खूश झाला असतास तरी ते चुकीच्या कारणाने पडलेलं असतं!

करायचं काय तर गिरणेच्या किंवा तापीच्या पात्रात पावसाळ्यानंतर वाळूवर काळी पट्टी दिसते, ती जड खनिजांची. नदीने कॅल्साइट, झिओलाइट, माती आधीच वाहून नेलेली असते. ती थोडी आण आणि परातीत पाण्याने हलवून हलकं काढ, सराफ बाजारातले झारेकरी सोन्याचा कचरा जसा धुतात तसंच. मग लोहचुंबकाने टायटॅनोमॅग्नेटाइट काढ. जे चुंबकाला लागत नाही पण जड आहे त्यात ऑगाइट बरंच असतं, मायक्रोस्कोपखाली हिरवट-तपकिरी आखूड स्फटिक, ते हाताने वेच. हॅलिमंडला एका टेस्टला एक-दोन ग्रॅमच लागतं, जमून जाईल. शेवटी एक्सआरडी (क्ष-किरणांनी खनिज ओळखायची तपासणी) करून घेतल्याशिवाय रिपोर्टमध्ये ऑगाइट हा शब्द लिहू नकोस.

आणि इल्मेनाइटचंही बघ. कोकणातलं इल्मेनाइट आपल्याच दख्खनच्या बेसाल्टमधून आलेलं, पण समुद्रकाठी ते किती मुरलंय त्याच्यावर पृष्ठभाग ठरतो. शुद्ध इल्मेनाइटमध्ये हिशोबाने टायटॅनियम डायऑक्साइड ५२.६ टक्के यायला पाहिजे. केरळच्या चवऱ्याचं ६० च्या आसपास असतं, कारण लोखंड निसर्गानेच धुऊन नेलंय, आणि ओडिशाचं ५० च्या आसपास. म्हणजे चवऱ्याच्या वाळूवर निसर्गाने तुझी ट्रीटमेंट आधीच करून ठेवलीय म्हण. दुसऱ्याच्या पेपरमधला आकडा तुझ्या वाळूला तसाच लागेल असं धरू नको, आधी तुझ्या सॅम्पलचं ऍनालिसिस हातात घे.


भुसावळ_इंजि:
ऐका, एवढं ऍसिड कशाला पाहिजे? मी सिलिका सँडच्या प्लांटमध्ये होतो, आम्ही नुसतं अॅट्रिशन स्क्रबिंग करायचो, जाड पल्पमध्ये वाळूला वाळू घासली की लोखंडाचा थर निघतो. फार झालं तर ऑक्झॅलिक. ५ टक्के सल्फ्युरिकमध्ये अर्धा तास ढवळलं म्हणजे घासणं पण झालंच ना, मग फरक ऍसिडने पडला का घासण्याने हे कसं सांगणार? माझा तर अंदाज आहे निम्मं काम घासण्यानेच होतं.


सातपुडा_डोंगरी:
भुसावळकर, मुद्दा एकदम रास्त आहे आणि हीच टेस्ट याच्या यादीत नाही. अंदाजावर सोडायचं नाही, मोजायचं. त्याच पंख्याने, त्याच स्पीडने, तेवढाच वेळ, तेवढंच घट्ट पल्प, पण नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात. मग तसंच धुणं आणि तशीच टेस्ट. हा झाला ब्लँक. ऍसिडवाला आणि ब्लँक यांच्यात जो फरक येईल तेवढंच ऍसिडचं श्रेय. व्हायव्हाला बाहेरचा परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारेल.

फक्त एक, स्क्रबिंगने ऑगाइटमधलं कॅल्शियम निघत नाही. ते जाळीत बसलेलं आहे, ते ऍसिडच काढतं. थर असलेल्या वाळूला घासणं पुरतं, इथे दोन खनिजांचे आयन वेगवेगळे करायचेत म्हणून ऍसिड. सिलिका सँडमध्ये तुम्हाला सफाईच हवी होती, तिथे तुमचंच बरोबर.


गिरणाकाठ_एमटेक:
ताई, तीन ट्यूबवाली परीक्षा केली. बोअरचं पाणी लगेच गढूळ, पीएच ३ वालं पण गढूळ पण जरा वेगळं, वर तेलकट चकत्या दिसतात. डिस्टिल्ड नुसतं स्वच्छ. आणि धुतलेलं वाळवलेलं इल्मेनाइट डिस्टिल्डमध्ये टाकून पीएच घेतला तर ४ च्या खाली आला. म्हणजे दोन्ही कारणं आहेत.

ब्लँक करतो. पाचोऱ्याच्या ताईंचं ऐकून रविवारी नदीवर जाणार आहे. अजून दोन प्रश्न. एक, सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक घेतलं तर जिप्समचा प्रश्नच येणार नाही ना? दोन, पृष्ठभाग बदलला हे दाखवायला गाईड एक्सपीएस (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं बघायची तपासणी) करा म्हणतात, ते बाहेर पाठवावं लागेल आणि बजेट नाही. तिसरं एक विचारतो, बाजूच्या ग्रुपला क्वार्ट्झ-फेल्डस्पार घ्यायचंय आणि त्यांना हायड्रोफ्लोरिक लागेल असं कळलं, ते आमच्या लॅबमध्ये करता येईल का?


सातपुडा_डोंगरी:
तिसऱ्याचं आधी. नाही. हायड्रोफ्लोरिक कॉलेजच्या लॅबमध्ये आणायचं नाही, त्या पोरांना आजच सांग.

शास्त्र म्हणून समजून घ्या, कारण ते सुंदर आहे. पीएच २-३ ला फ्लोराइड दिलं की फेल्डस्पारच्या पृष्ठभागावरचं अॅल्युमिनियम त्याला पकडतं, तिथे ऋणभार वाढतो आणि अमाइन कलेक्टर जाऊन बसतो. क्वार्ट्झमध्ये अॅल्युमिनियमच नाही, आणि पीएच २ च्या आसपास त्याच्या पृष्ठभागावरचा भार शून्याजवळ आलेला असतो, म्हणून अमाइनला तिथे धरायला काही नसतं. फेल्डस्पार वर, क्वार्ट्झ खाली. पुन्हा तीच गोष्ट, एका खनिजात असलेला आणि दुसऱ्यात नसलेला आयन शोधून ऍसिडने त्याला बोलतं करायचं.

पण ते ऍसिड कातडीतून आत जातं, पातळ असेल तर सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत शरीरातलं कॅल्शियम पकडतं. हाताच्या तळव्याएवढी जागा भाजली तरी जीव जाऊ शकतो. जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल आणि ते कसं वापरायचं हे शिकलेला माणूस लागतो, काचेची भांडी चालत नाहीत, फ्यूमहूड धड चालणारा लागतो. हे सगळं ज्या लॅबमध्ये नाही तिथे तो प्रयोग नाही. त्यांना म्हणावं सल्फ्युरिकने पीएच २ ठेवून अमाइन आणि सल्फोनेट मिसळून बघा, फ्लोराइडशिवायचा रस्ता म्हणून तो वापरलेला आहे, निवड तेवढी धारदार येत नाही पण एमटेकला पुष्कळ झालं.

हायड्रोक्लोरिकचं, हो, जिप्सम टळतं. पण वाफा येतात, स्टीलचा पंखा-शाफ्ट खातं आणि खाल्लेलं लोखंड तुझ्या पल्पमध्ये येतं, मग तू मोजतोयस ते लोखंड खनिजाचं का पंख्याचं? काचेचा किंवा टेफ्लॉनचा पंखा असेल तर खुशाल वापर. दोन्ही ऍसिडं त्याच नॉर्मॅलिटीला (लिटरमागे ऍसिडपणा सारखाच ठेवून) लावून तुलना केलीस तर प्रोजेक्टमध्ये एक चांगलं प्रकरण तयार होईल. सल्फ्युरिकच ठेवणार असशील तर ५ टक्क्यांचं एक लिटर करायला ९८ टक्क्यांचं साधारण २८ मिली पुरतं, पाण्यात ऍसिड, हळूहळू, ढवळत. ऍसिडमध्ये पाणी कधीच नाही.

कमी-जास्तचं उत्तरही आता तुझं तुला काढता येईल. टक्केवारी बदलत नेऊन दोन्ही खनिजांची रिकव्हरी (घातलं त्यातलं किती टक्के तरंगून आलं) एकाच आलेखावर काढ आणि दोन रेषांमधलं अंतर सगळ्यात जास्त कुठे आहे ते बघ. त्या बिंदूपलीकडे ऍसिड वाढवलं तर बहुतेक इल्मेनाइटवरचं लोखंडही जायला लागेल आणि अंतर परत मिटेल. गाईड आणि सिनियर दोघांचंही म्हणणं त्या एका आलेखावर तपासून होईल.


रसायन_धुळे:
एक्सपीएस नाही म्हणून अडू नकोस. पृष्ठभागावरून जे गेलं ते धुण्याच्या पाण्यात सापडतं, तेच मोज. ऍसिड निथळल्यावरचं द्रव आणि सगळी धुणी एकत्र करून त्यात लोखंड फेनँथ्रोलिनने (फेरस लोखंडासोबत नारिंगी-लाल रंग देणारं रसायन), ५१० नॅनोमीटरला, साधा कलरीमीटरही चालतो. आधी हायड्रॉक्सिलअमाइन टाकून सगळं लोखंड फेरस करून घे. न टाकता पण एक वाचन घे म्हणजे मुळात फेरस किती होतं तेही कळेल, तुझ्या विषयाला त्याचं महत्त्व आहे. कॅल्शियम-मॅग्नेशियम ईडीटीए टायट्रेशनने, पण लोखंड असेल तर एरिओक्रोम ब्लॅक टी (टायट्रेशन संपलं हे रंगाने दाखवणारा इंडिकेटर) अडकून बसतो, रंगच बदलत नाही, म्हणून आधी ट्रायइथेनॉलअमाइन टाकून लोखंड झाकून घे.

इल्मेनाइटच्या द्रवात लोखंड आणि ऑगाइटच्या द्रवात कॅल्शियम-मॅग्नेशियम, दर ग्रॅम खनिजामागे किती, हे दोन आकडे आणि सातपुडा सरांनी सांगितलेला आलेख शेजारी शेजारी ठेव. कॅल्शियम जसजसं जास्त निघालं तसतसं ऑगाइट पडत गेलं असं दिसलं तर तुझा मुद्दा सिद्ध झाला. याला लाखांची मशीन लागत नाही.


अमळनेरकर_भाऊ:
आन एक मन्हं ध्यानमा ठेव भो. ज्या ट्यूबमा ऍसिड लाव तठे झँथेट (ओलिएटसारखाच एक कलेक्टर) नको टाकू, आमन्या प्लांटवर नव्या पोरांना हे पहिल्या दिवशी सांगायचे. सल्फाइडच्या खनिजाला झँथेट लागतो, आंबट पाण्यात तो फुटून कार्बन डायसल्फाइड होतो, पेट घेणारा आणि विषारी. सोडियम सल्फाइडमध्ये ऍसिड पडलं तर हायड्रोजन सल्फाइड. तुझ्याकडे ओलिएट आहे म्हणून धोका नाही, पण कपाट एकच असतं आणि बाटल्या शेजारी असतात म्हणून सांगितलं.

बाकी पायराइट (लोखंडाचं सल्फाइड) तरंगू नये म्हणून चुन्याने दाबलेला असला ना, तर सल्फ्युरिक टाकून पीएच खाली आणला की परत वर येतो, त्याच्यावरचा कॅल्शियम आणि लोखंडाच्या हायड्रॉक्साइडचा थर विरघळतो म्हणून. तठेबी ऍसिडच.


पाचोरा_जिओ:
गंमत म्हणजे फ्लोटेशनच्या अगदी सुरुवातीच्या पद्धतींमध्येही ऍसिडच होतं. ऑस्ट्रेलियाच्या ब्रोकन हिलला १९०० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पॉटर आणि डेलप्राट यांनी गरम आंबट पाण्यात सल्फाइडचा कचरा टाकला, त्यातल्या कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघाले आणि तेच बुडबुडे शिसं-जस्ताचं खनिज वर घेऊन आले. बाहेरून हवा सोडायची पद्धत त्याच्या नंतर रुळली. तुझं ते फसफसणं दिसलं तेव्हा मला आधी हेच आठवलं.


गिरणाकाठ_एमटेक:
सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. गाईडना हा पूर्ण धागा दाखवला, ते म्हणाले ब्लँक आणि धुण्याच्या पाण्याचं ऍनालिसिस दोन्ही घ्यायचं आणि डिस्टिल्डचा कॅन वेगळा आणून देतो. एक राहिलं, हे लोखंडवालं ऍसिडचं पाणी आता बरंच जमणार, ते बेसिनमध्ये सोडलं तर चालेल का? आमच्याकडे आतापर्यंत तसंच सोडतात.


रसायन_धुळे:
नको सोडूस. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये जमा कर. विझवलेल्या चुन्याचं पातळ दूध करून थोडं थोडं घाल, एकदम नाही, गरम होतं. पीएच ८-८.५ पर्यंत आण आणि थोडा वेळ हवा सोड किंवा ढवळत ठेव म्हणजे फेरसचं फेरिक होऊन सगळं लोखंड तपकिरी गाळ होऊन खाली बसेल, सल्फेटचं जिप्सम पण त्यातच येईल. रात्रभर ठेवून वरचं नितळ पाणी फेनँथ्रोलिनने एकदा तपास, रंग आला नाही तर ते सोड. गाळ वाळवून पिशवीत भर, लेबल लाव आणि कॉलेजचा जो केमिकल कचरा उचलला जातो त्यात दे. ओलिएटवालं पाणी या ड्रममध्ये घालू नकोस, नाहीतर कॅल्शियमचा साबण होऊन सगळं बुळबुळीत होईल आणि गाळ खाली बसणार नाही.